‘सोलेय’: फ्रेंच सूर्याचं लाडकं नाव

फ्रेंचमध्ये सूर्याला ‘सोलेय’ म्हणतात. शब्दाच्या शेवटी ‘ल’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. नवशिका नेमका इथेच अडखळतो आणि ‘सोलील’ म्हणून बसतो.

लॅटिनमध्ये सूर्य म्हणजे ‘सोल’. इटालियन ‘सोले’ आणि स्पॅनिश ‘सोल’ थेट त्यातून आले. फ्रेंच ‘सोलेय’चा उगम मात्र बोली लॅटिनमधल्या ‘सोलिकुलुस’ या लघुत्वदर्शक रूपात मानतात. हे रूप लेखी सापडत नाही, ध्वनिनियमांवरून ते बांधलेलं आहे. अर्थ ‘छोटा सूर्य’, आपल्या ‘सोनुला’च्या धाटणीचा. बोली लॅटिनला अशा लघुत्वदर्शक प्रत्ययाची भारीच हौस. कानाचं ‘आउरिकुला’ फ्रेंचमध्ये ‘ओरेय’ झालं, मधमाशीचं ‘आपिकुला’ ‘आबेय’. लहानपणाचा अर्थ वापराने झिजला आणि लाडाचं नावच खरं नाव होऊन बसलं.

‘सोलिकुलुस’मधला ‘क’नंतरचा आघात नसलेला ‘उ’ गळाला, ‘क’ आणि ‘ल’ भिडले आणि त्यांचा टाळूला जीभ टेकवून म्हणायचा मऊ ‘ल्य’ झाला. पुढे त्यातला ‘ल’ही विरघळला, उरला नुसता ‘य’. एकोणिसाव्या शतकात तोच रुळला, पण लेखनाने जुना ‘ल’ सोडला नाही.

मूळ ‘सोल’चं नातं आपल्या ‘सूर्या’शी आहे. ग्रीक ‘हेलिओस’ आणि लिथुआनियन ‘साउले’ही त्याच कुळातले. विद्वानांनी पुढे लॅटिनमधून उचललेल्या ‘सोलेर’ (सौर) या विशेषणात लघुत्वाचा प्रत्यय नाही. म्हणून नाम आणि विशेषण असे विजोड दिसतात. वारात तर सूर्य उरलाच नाही: रविवारचं ‘दिमांश’ हे ‘प्रभूचा दिवस’ यावरून आलं.

दरबारात मात्र सूर्य तळपला. 1653 मध्ये 14 वर्षांचा चौदावा लुई दरबारी नृत्यनाट्यात उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला. पुढे तो ‘र्वा-सोलेय’, म्हणजे सूर्यराजा, म्हणून ओळखला गेला.

मराठी माणसाची खरी गफलत शब्दाच्या अर्थाबाबत होते. ‘सोलेय’ म्हणजे सूर्य आणि ऊनही. ‘इल् या द्यु सोलेय’ म्हणजे ‘ऊन पडलंय’, ‘ओ सोलेय’ म्हणजे ‘उन्हात’. ‘कू द सोलेय’ (शब्दशः सूर्याचा तडाखा) ऐकून ऊन लागलं असं वाटतं, पण त्याचा अर्थ उन्हाने कातडी भाजणं एवढाच. ऊन लागून चक्कर-ताप आला, तर शब्द ‘अँसोलास्यों’, आणि त्याच्या पोटात पुन्हा तो जुना लॅटिन ‘सोल’.