43 पिल्लं

2008 साली अख्ख्या ब्रिटनमध्ये सीलिअम टेरिअर या जातीच्या कुत्र्यांच्या फक्त 43 पिल्लांची नोंद झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हाच आकडा वर्षाला हजाराच्या घरात होता. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनेही हे कुत्रे हौसेने पाळले होते. 2009 मध्ये तर क्रफ्ट्सच्या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात सगळ्या जातींवर मात करून एक सीलिअम पहिला आला. फोटो छापून आले, कौतुक झालं, पण जात मात्र केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या, धोक्यातल्या देशी जातींच्या यादीतच राहिली. वर्षाला 300 पेक्षा कमी पिल्लं नोंदली जाणाऱ्या जाती या यादीत येतात.

हा कुत्रा जवळून पाहिला की त्याचं काम लगेच कळतं. खांद्यापाशी उंची जेमतेम 31 सेंटिमीटर, वजन नऊ किलोच्या आसपास. आखूड पाय, पण पंजे मोठे आणि माती उपसायला भक्कम. डोकं लांब, जबडा अंगाच्या मानाने दांडगा. अंगावर दुहेरी केस, आत मऊ लोकर आणि वर तारेसारखे राठ केस. हे राठ केस कात्रीने कापत नाहीत, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, जुने झालेले तेवढेच उपटून काढतात. कापले तर मऊ होतात आणि मग चिखल, काटेकुटे अडवणारं ते कवच राहत नाही. रंग पांढरा, म्हणजे झुडपात गडबड उडाली तरी कोल्हा कुठला आणि आपला कुत्रा कुठला हे शिकाऱ्याला पटकन दिसावं.

वेल्समधल्या पेंब्रोकशरमध्ये सीलिअम नावाची एक वाडी आहे. तिचे मालक कॅप्टन जॉन एडवर्ड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जात घडवली. बिळात उतरून बॅजर, कोल्हा, ऊद यांच्यासमोर ठाण मांडणारा छोटा कुत्रा त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी कोणकोणत्या जाती एकत्र केल्या याची त्यांनी नोंदच ठेवली नाही. कॉर्गी, डँडी डिनमाँट, फॉक्स टेरिअर, बुल टेरिअर अशी नावं घेतली जातात, पण ते सगळे अंदाज. 1891 मध्ये एडवर्ड्स वारले, 1908 मध्ये हॅवरफोर्डवेस्टला या जातीचा क्लब निघाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत केनेल क्लबची मान्यता मिळाली. तिथून वंशावळीची वही बंद झाली. दोन्ही आईबाप त्या वहीतले असतील तरच पिल्लू सीलिअम. सरमिसळीतून जन्मलेल्या जातीत यापुढे सरमिसळ होणार नाही, असं ठरून गेलं. माझ्या मते या जातीची पुढची बरीचशी अडचण त्या निर्णयात आहे.

दुसरी अडचण कामाची. ब्रिटनमध्ये 1973 पासून बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे, 2004 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या मदतीने होणाऱ्या शिकारीवर बंदी आली. या कायद्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कारवानी कुत्र्यामागे सशाची शिकार कायदेशीर उरली नाही, आणि ते योग्यच झालं. पण ज्या कामासाठी कुत्रा घडला ते काम गेलं की निवड करणारा डोळाही बदलतो. बिळात टिकणाऱ्या कुत्र्याऐवजी प्रदर्शनाच्या रिंगणात देखणा दिसणारा कुत्रा पुढची पिढी जन्माला घालू लागतो. काही मंडळी आजही सीलिअमना उंदीर मारायला शेतावर नेतात. त्यांच्यामुळे या जातीचं नाक आणि धीटपणा अजून वापरात आहे.

आता थोडं गणित, कारण जात वाचवायची म्हणजे नुसती पिल्लं वाढवायची असं अनेकांना वाटतं. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी एक साधं सूत्र दिलं आहे. समजा, प्रजननासाठी 4 नर आणि 40 माद्या वापरल्या. एकूण कुत्रे 44, पण जनुकांच्या हिशेबात ही संख्या किती भरते? 4 गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण कुत्रे. म्हणजे 640 भागिले 44, साधारण 14.5. पुढच्या पिढीत रक्ताच्या नात्यातलं प्रजनन, म्हणजे अंतःप्रजनन, 1 भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजे 3.4 टक्क्यांनी वाढणार. पाळीव जातींसाठी हा वेग पिढीला एक टक्क्याच्या आत ठेवा असं जाणकार सांगतात.

आता तेच 44 कुत्रे घ्या, पण 10 नर आणि 34 माद्या. उत्तर जवळजवळ 31 येतं आणि वाढीचा वेग 1.6 टक्क्यांवर उतरतो. एकही जास्तीचं पिल्लू न जन्मवता नुकसान निम्म्यावर आलं. म्हणून प्रदर्शन जिंकलेल्या एकाच नराकडे सगळ्यांनी धाव घेणं छोट्या जातीला फार महागात पडतं. त्याची पिल्लं सगळीकडे होतात, दोन पिढ्यांनी ज्याला त्याला भावंडंच भेटतात. केनेल क्लबने 2009 पासून बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली ते चांगलं केलं, पण वहीतले सगळेच एकमेकांचे चुलत-मावस असतील तर त्या नियमाने फार काही साधत नाही.

अंतःप्रजनन वाढलं की काय होतं हे डोळ्यातल्या भिंगावरून बघू. हे भिंग बारीक तंतूंनी चारी बाजूंनी बांधलेलं असतं. एडीएएमटीएस17 या जनुकात बिघाड असला तर कुत्रा ऐन उमेदीत असताना, साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात, हे तंतू तुटू लागतात. भिंग जागेवरून सुटतं. ते पुढच्या बाजूला सरकलं तर डोळ्यातल्या द्रवाची वाट अडते, दाब वाढतो आणि लगेच उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाते. अनेक टेरिअर जातींत हा बिघाड आहे, सीलिअममध्येही.

हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तेव्हा रोग होतो. एकच प्रत बिघडलेली असेल तो वाहक. अशांपैकी थोड्यांनाच त्रास होतो. 2010 च्या सुमारास हा बिघाड सापडला आणि गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून चाचणी करता येऊ लागली. चाचणी हाती आली की पहिला मोह होतो सगळे वाहक बाद करण्याचा. शंभरेक कुत्र्यांच्या जातीत हे केलं तर त्या एका जनुकाबरोबर वाहकांच्या अंगातली बाकीची हजारो चांगली जनुकंही गेली. त्यापेक्षा वाहकाला निर्दोष जोडीदार द्यावा. पिल्लांपैकी सरासरी निम्मी निर्दोष, निम्मी वाहक, दोन्ही प्रती बिघडलेलं एकही नाही. पुढच्या पिढीत निर्दोष पिल्लं निवडून दोष हळूहळू मागे टाकता येतो.

तरीही बंद वहीत नवं जनुक कुठून येणार? डाल्मेशियन कुत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न टोकाला गेला होता. त्या जातीच्या प्रत्येक कुत्र्यात युरिक आम्लाच्या जनुकाची बिघडलेलीच प्रत होती आणि त्यामुळे मूतखड्यांचा धोका असे. निवडायला निर्दोष कुत्रा जातीत उरलाच नव्हता. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशी जुळवली. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत जातो. दहाव्या पिढीपर्यंत तो हजारातल्या एका भागाइतका उरतो, निर्दोष जनुक मात्र निवडून टिकवता येतं. ब्रिटनमध्ये अशा कुत्र्याची नोंद व्हायला 2010 उजाडलं.

सीलिअमचा असाच एक नातलग, चेस्की टेरिअर, प्राग शहराजवळ घडला. फ्रांटिशेक होराक हे चेक संशोधक आणि शिकारी. त्यांचे स्कॉटिश टेरिअर छातीने रुंद असल्याने बिळात अडकत. 1949 मध्ये त्यांनी स्कॉटिश मादी आणि सीलिअम नर यांची जोडी लावली. त्यातून एकच नर पिल्लू झालं, त्याचं नाव आदाम. तो शिकारीतच चुकून गोळी लागून मेला. होराक थांबले नाहीत. 1963 मध्ये त्यांच्या चेस्की टेरिअरला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि 1980 च्या दशकात, जात अरुंद होत चालली आहे हे दिसताच, त्यांनी स्वतःच वही उघडून पुन्हा सीलिअमचं रक्त आणलं.

आता उलट दिशेने, म्हणजे चेस्कीचं रक्त सीलिअममध्ये आणून, हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. स्कॉटिश टेरिअरकडून आलेला स्नायू आखडण्याचा विकार चेस्कीत अधूनमधून दिसतो, म्हणून प्रत्येक कुत्रा नीट पारखून घ्यावा लागेल. पहिल्या पिढीची पिल्लं पांढरी नसतील, प्रदर्शनात त्यांना कुणी उभं करणार नाही. चेस्कीची पिल्लं जन्मतः काळी असतात आणि दोन-तीन वर्षांत राखाडी होत जातात. होराकांनी ती वर्षं थांबून पाहिली होती.