जुनी लष्करी काडतुसे : संग्रह आणि ओळख (कोल्हापूर)

लष्करी रायफलीचे जुने काडतूस कोणत्या बोअरचे, कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या सालचे, हे ठरवून जतन करण्याचा छंद. कोल्हापुरी संग्रहात बहुतेक भर असते ती थ्री-नॉट-थ्रीच्या (.३०३ बोअर) रिकाम्या पुंगळ्यांची, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणाऱ्या पितळी नळ्यांची.

आधी कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणून रिकामी पुंगळी घेण्याआधीही चौकशी करावी. जिवंत काडतूस परवान्याशिवाय ठेवता येत नाही. टोपीवर, म्हणजे बुडाच्या मध्यावरच्या ठिणगी पाडणाऱ्या बिल्ल्यावर, ठोक्याचा खड्डा दिसला म्हणून ते उडालेलेच असते असे नाही. न पेटलेल्या काडतुसावरही तो असतो. आजोबांच्या ट्रंकेत असे काही सापडले, तर न हलवता पोलिसांना कळवावे.

ओळख मापाने सुरू होते. त्यासाठी लागणारा व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) उद्यमनगरात कोणत्याही टर्नरकडे मिळतो. .३०३ ची पुंगळी ५६ मिमी लांब, बुडाच्या कडेचा व्यास १३.७ मिमी. शिकारी .३१५ लाही अशीच कड असते, पण लांबी ५० मिमीच्या आसपास. नुसत्या नजरेने इथेच फसगत होते. मान (तोंडाकडचा निमुळता भाग) नसलेली सरळ पुंगळी बहुधा पोलिसांच्या .४१० मस्केट बंदुकीची. बाहेर आलेली कड नसून नुसती खाच आणि लांबी ५१ मिमी असेल, तर ती ७.६२ मिमी नाटो मापाची.

मग बूड तिरप्या उजेडात वाचावे. ‘केएफ’, ‘४३’ आणि रोमन सात असे असेल, तर पुंगळी खडकीच्या कारखान्यातली, १९४३ ची, मार्क सात (काडतुसाची सातवी आवृत्ती). नुसता ‘के’ मात्र बहुधा बर्मिंगहॅमच्या कायनॉकचा. ‘ही राजाराम रायफल्सची’ (कोल्हापूर संस्थानाची पलटण) असे कोणी छातीठोक सांगितले तरी भुलू नये: बुडावर कारखाना असतो, पलटण नव्हे.

टोपीभोवतीचे रंगाचे कडेही पुरावाच. जांभळे साध्या गोळीचे, तांबडे ट्रेसरचे (उडताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी), हिरवे चिलखतभेदी गोळीचे. पुंगळी समईसारखी चिंचेने घासली की हे कडे जाते आणि पितळेतले जस्त निघून पृष्ठभाग तांबूस होतो. ती कोरड्या सुती फडक्याने पुसणे पुरे. अमोनिया तर त्याहून वाईट. ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे उभी तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१ मध्ये उलगडले. गोठ्याला लागून असलेल्या खोलीतही तेच होते, विशेषतः जून ते सप्टेंबर. तडा बहुधा मानेपाशी पडतो, आणि तडकलेली पुंगळी पुन्हा सांधत नाही.