आकडे तेच, संत्र्याचा रंग वेगळा

संत्रा बर्फीच्या डब्यासाठी काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रसरशीत दिसतो. डिझाइनच्या फाईलमध्ये आणला की तो मलूल होतो आणि छापून आला की संत्र्याची साल विटकरी दिसते. नागपुरात बर्डी असो की इतवारी, अशा वेळी दोष शाईवर किंवा प्रेसवाल्यावर जातो. पण पुष्कळदा गडबड त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. फोटो आत घेताना सॉफ्टवेअरने प्रोफाइलबद्दल एक प्रश्न विचारलेला असतो आणि तो न वाचताच 'ओके' दाबलेलं असतं.

डिजिटल फोटोत रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, बहुधा ० ते २५५ मधले. २५५, १४०, ० म्हणजे नारिंगी एवढं कळतं. पण कोणता नारिंगी? पूर्ण लाल म्हणजे नेमका किती लाल, हे त्या आकड्यांत कुठेच नसतं. ते असतं फोटोला जोडलेल्या कलर प्रोफाइलमध्ये. माणसाच्या डोळ्याला रंग कसे दिसतात याचं मोजमाप १९३१ साली ठरलं. आजही आकड्यांची सांगड त्याच पायावर घातली जाते. प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत चालवू नये म्हणून १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन झालं आणि प्रोफाइलचा सामाईक साचा तयार झाला.

एसआरजीबी हे सर्वांत रुळलेलं प्रोफाइल. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये, त्या काळातले मॉनिटर डोळ्यांपुढे ठेवून ते मांडलं. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं. त्यातला लाल आणि निळा जवळपास तोच, पण हिरवा कितीतरी गडद आणि शुद्ध. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर लावलेला असेल आणि आत घेताना प्रोफाइल गळलं, तर सॉफ्टवेअर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतं. मग साल फिकी आणि पानं निस्तेज. उलट झालं तर माणसांचे चेहरे उगाच लालसर होतात. दोन्ही वेळा फोटोतला एकही आकडा बदललेला नसतो!

इथे दोन आज्ञांमधला फरक पक्का माहीत हवा, कारण गफलत नेमकी इथेच होते. 'असाइन' केलं की आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून रंग बदलतो. 'कन्व्हर्ट' केलं की रंग शक्य तितका तोच ठेवून आकडे बदलले जातात. आलेल्या फोटोला प्रोफाइल असेल तर ते जपा, हे माझं ठाम मत. अगदीच गरज पडली तर कन्व्हर्ट करा. असाइन फक्त प्रोफाइल नसलेल्या अनाथ फोटोसाठी, आणि तिथेही आधी एसआरजीबी लावून बघावं, बहुतेक वेळा तेच निघतं. गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी येते. स्क्रीनशॉट तर घेऊच नये.

छपाईचं गणित आणखी वेगळं. स्क्रीन प्रकाश देते, कागदावरची शाई प्रकाश शोषते. सीएमवायके म्हणजे सायन (आकाशी), मॅजेंटा (किरमिजी), पिवळी आणि काळी. या चार शायांना स्क्रीनवरचे काही झगझगीत रंग देताच येत नाहीत, आणि लखलखीत नारिंगी त्यातलाच एक. निळ्याचं दुखणं याहून मोठं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पत्रकासाठी स्क्रीनवर निवडलेला गर्द निळा छापल्यावर जांभळट येतो, कारण सायनमध्ये मॅजेंटा बरोबरीने मिसळला की जांभळाच होतो. मॅजेंटाची टक्केवारी सायनपेक्षा निदान तीसने कमी ठेवली की निळा निळाच राहतो. दीक्षाभूमीला येणाऱ्या लोकांच्या हाती पडणाऱ्या कागदावर तो निळा बरोबर यायलाच हवा.

कागदही हिशेबात घ्यावा लागतो. एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांची टक्केवारी मिळून गुळगुळीत आर्ट पेपर साधारण ३०० पर्यंत पेलतो, वर्तमानपत्राचा कागद २४० च्या आसपास. म्हणून फोटो आल्या आल्या सीएमवायके करून टाकू नये. एकदा गेलेले रंग परत येत नाहीत, आणि उद्या तेच डिझाइन दुसऱ्या कागदावर जाऊ शकतं. आधी प्रेसकडून प्रोफाइल मागून घ्यावं, सॉफ्ट प्रूफवर, म्हणजे छापील रंगाच्या नकलेवर, स्क्रीनवरच अंदाज घ्यावा आणि रूपांतर अगदी शेवटी करावं. स्क्रीन कॅलिब्रेट केलेली, म्हणजे तिचे रंग मोजून नीट लावलेले, नसतील तर मात्र या प्रूफवर भिस्त ठेवता येत नाही.

लग्नपत्रिकेसारख्या कामात काळ्या अक्षरांकडे वेगळं लक्ष द्या. फाईल एका सीएमवायके प्रोफाइलमधून दुसऱ्यात नेली की निव्वळ काळ्या शाईतला मजकूर चार शायांत विभागला जाऊ शकतो. छापताना प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात आणि आजी-आजोबांची नावं वाचता येत नाहीत. फाईल पाठवण्याआधी सेपरेशन प्रीव्ह्यू (प्रत्येक शाईची प्लेट वेगवेगळी दाखवणारी खिडकी) उघडून मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे ना, ते तपासून घ्या.