‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आत असतात ते सेल

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या जुन्या माणसाला ‘बॅटरी आण’ म्हटलं, तर तो टॉर्च आणून देतो. आत असतात ते ‘सेल’. शब्दांची ही अदलाबदल चूक वाटते, पण साठवलेली वीज इथं पहिल्यांदा हातात आली ती उजेडाच्या रूपानंच. लाईट होती तरी उसाला पाणी पाजायचं तर मोटार चालवणारी थ्री फेजची वीज येईल त्या वेळेवर जावं लागे, आणि ती वेळ बऱ्याचदा मध्यरात्रीची. बांधावर साप असायचे. त्यामुळं तीन सेलची बॅटरी उशाशी असायचीच.

सेल मंदावले की कौलांवर उन्हात ठेवायचे. ऊब आणि विश्रांती मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी सावरते, म्हणून आणखी एखादी रात्र निघे. मग जस्ताचं कवच गळून पाणी सुटायचं आणि स्प्रिंग गंजायची. मधली काळी कांडी पोरं भिंतीवर रेघोट्या ओढायला घ्यायची. या सेलचा पूर्वज फ्रान्सच्या लेक्लांशेनं 1866 मध्ये बनवला. त्याहून जुना व्होल्टाचा 1800 सालचा ढीग: धातूंच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे. दोन्हींची अडचण एकच, संपले की संपले.

पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांतेनं 1859 मध्ये केली, शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून. आमच्या गावांत ती पोचायला शंभरावर वर्षं गेली. आली ती ट्रॅक्टरमधून, आणि तिथून निघून ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडली गेली. रविवारच्या मालिकेसाठी शनिवारीच बारा व्होल्टची बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून चार्जिंगला टाकायची. अ‍ॅसिड सांडून पँटला भोकं पडायची, ती वेगळीच. दुकानदार हायड्रोमीटरनं, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायच्या नळीनं, आतलं पाणी ओढून बघायचा. आकडा 1.28 च्या आसपास गेला की ‘फुल्ल आहे, न्या’.

लिथियम-आयनची बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या शास्त्रज्ञांना तिच्यासाठी 2019 चं नोबेल मिळालं. मोबाईल तिच्यावरच चालतो. पाठीवरच्या फवारणीच्या पंपात मात्र अजून बऱ्याच ठिकाणी शिशाचीच बॅटरी दिसते. जड आहे खरी, पण मेली तरी भंगारात वजनावर पैसे देते. शेतकऱ्याचा हा हिशोब मला पटतो. लिथियमच्या जुन्या पॅकला तालुक्याच्या बाजारात कोण विचारतो?

आता प्रश्न बांधावरच्या उजेडाचा राहिला नाही. सौर वीज दुपारी उदंड आणि घरोघर दिवे लागतात तेव्हा शून्य. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीला पंप्ड स्टोरेजचा मोठा प्रकल्प आखला आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी टर्बाइनवरून सोडायचं. चार युनिट खर्चून हाती तीन-सव्वातीनच येतात, तरी परवडतं, कारण संध्याकाळच्या युनिटचा भावच वेगळा. वरून पडणाऱ्या पाण्याला कामाला लावणं या जिल्ह्याला नवं नाही. गोकाकच्या धबधब्यावर 1887 पासून सूतगिरणी चालली. तिथं पाणी एकदा खाली पडलं की नदीनं पुढं गेलं. सौंदत्तीत तेच पाणी रोज पुन्हा वर न्यायचं आहे.