जारासाठी रक्तदान?

"भावा, दहाच्या आत ये, जार संपायलेत." शिवाजी पेठेतल्या दोस्ताचा फोन. त्यांचं रक्तदान शिबिर होतं, रक्त दिलं की पाण्याचा जार बक्षीस. गेलो तर मांडवात खाटा चार आणि पाण्याच्या जारांची थप्पी पार छतापर्यंत. फॉर्म भरताना 'सध्या चालू असलेली औषधं' इथं अडकलो, कारण दाढेसाठी अँटिबायोटिक चालू होतं. मागचं पोरगं हळूच म्हणालं, "गोळीचं लिहू नका काका, जार जाईल."

नेमकी हीच भीती १९७० मध्ये रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकानं मांडलेली. रक्ताला पैसे लावले की गरजू माणूस आजार लपवणार, आणि जो नुसत्या आपुलकीनं देत होता त्याचाही उत्साह जाणार. आता रक्तपिशवीची एचआयव्ही, कावीळ वगैरेची तपासणी होते, पण अगदी ताजं इन्फेक्शन टेस्टमध्ये सापडेलच असं नाही, म्हणून तर फॉर्ममधलं खरं उत्तर महत्त्वाचं. आपल्याकडं पैसे घेऊन रक्त द्यायला सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळं १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. जार म्हणजे पैसे नव्हेत हे कबूल, पण ते पोरगं जे बोललं ते जारामुळंच की.

टिटमसचं दुसरं म्हणणं, म्हणजे पैशानं उत्साह जातो हे, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला तपासलं गेलं, निष्कर्ष २००८ मध्ये आले. रक्तदाता होण्यासाठी तब्येत तपासून घ्यायला काही विद्यार्थ्यांना काही पैसे न देता बोलावलं, काहींना ५० क्रोनर (तिथलं चलन) देऊ केले. पैसे म्हणल्यावर तयार होणाऱ्या मुली ५२ टक्क्यांवरून ३० वर आल्या! पोरांवर मात्र फारसा फरक नाही. आणि तेच पैसे दान करायची सोय दिली की मुलींचा आकडा परत ५३. म्हणजे नको होतं ते 'ही पैशासाठी आली' असं दिसणं.

वर्गणी गोळा करणाऱ्या तालमीतल्या पोरांनी ऐकावी अशी एक गोष्ट इस्रायलची. शाळेची मुलं दारोदार देणग्या मागत होती, त्यातल्या काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का बक्षीस (देणगीतनं नव्हे, संशोधकांच्या खिशातनं), काहींना १० टक्के, काहींना नुसतं भाषण. सगळ्यात जास्त रक्कम जमवली भाषणवाल्यांनी, सगळ्यात कमी १ टक्कावाल्यांनी. थोडकं दिलं की उपकाराचं काम रोजंदारीचं होतं, आणि रोजंदारी पण भिकार.

पण बक्षीस वाईटच असं म्हणायची सोय नाही बरं का. अमेरिकेत ओहायोत रेडक्रॉसच्या शिबिरांत ५, १०, १५ डॉलरची गिफ्ट कार्डं दिली तर जेवढी किंमत जास्त तेवढे दाते जास्त आले. मात्र त्यातले बरेचजण शेजारचं बिनबक्षिसाचं शिबिर सोडून आलेले. आपल्याकडं एकाच रविवारी दोन पेठांत शिबिरं लागली की काय होतं ते सांगायला नको.

मला विचाराल तर जार द्या, पण जो येऊन खरा फॉर्म भरेल त्या प्रत्येकाला द्या, रक्त घेतलं नाही तरी. मग खोटं बोलून काय मिळणार? आत्ता बक्षीस लागतंय ते सुई टोचल्यावर, तिथंच घोळ आहे.

मी गोळीचं लिहिलं. डॉक्टरबाईंनी हसून परत पाठवलं, वर एक बिस्किटपुडा दिला. त्या पोरानं काय लिहिलं ते मी बघितलं नाही, पण मी निघालो तेव्हा ते गाडीच्या मागच्या सीटला जार बांधत होतं.