वेबसाइट करून घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा स्टुडिओ लहान आहे. पहिल्या दिवशी तुमच्याशी जी व्यक्ती बोलते, तीच पुढे पानांची आखणी करते, कोड लिहिते आणि वेबसाइट सुरू झाल्यावर तुमचा फोनही तीच उचलते. मधे विक्री प्रतिनिधी नाही. म्हणून काम कसं चालतं, कोणती गोष्ट आम्ही का मागतो आणि वेळ कशात जातो, हे तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं. त्यासाठी हे पत्रक.

बरेच ग्राहक आवडलेल्या दोन-चार वेबसाइटच्या लिंक घेऊन येतात आणि म्हणतात, "असं काहीतरी हवं." लिंक जरूर आणा, तुमची आवड त्यातून कळते. पण आमचा पहिला प्रश्न दिसण्याबद्दल नसतो. पानावर काय लिहायचं आहे, हे आम्ही आधी विचारतो.

मजकूर आधी, आखणी नंतर

"मजकूर नंतर देतो, तोवर डिझाइन सुरू करा," असं आम्हाला वारंवार सांगितलं जातं. त्यामागची घाई समजते, तरी अशा वेळी आम्ही थांबतो. डमी मजकूर भरलेलं पान हमखास देखणं दिसतं, कारण तो मजकूर सोयीने भरलेला असतो. मथळा तीन शब्दांचा, परिच्छेद सारख्या लांबीचे, प्रत्येक सेवेला एक छानसा फोटो. खरा मजकूर आला की संस्थेचं नावच सात शब्दांचं निघतं, चार सेवांपैकी एकीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं, दुसरीबद्दल जेमतेम एक ओळ, आणि फोटो असतात दोनच. मग सगळी आखणी उसवावी लागते. माप न घेता कापड बेतल्यावर जे होतं, तेच इथे होतं.

मजकूर म्हणजे अलंकारिक लेखन नव्हे. समजा, पुस्तकबांधणीचा व्यवसाय आहे आणि "आमच्याविषयी" या पानासाठी असं वाक्य आलं: "दर्जेदार सेवा आणि ग्राहकांचे समाधान या तत्त्वांवर वाटचाल करत आम्ही आज या क्षेत्रात आघाडीवर आहोत." यात पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही. पंपदुरुस्ती करणाऱ्याला किंवा हिशेबनिसालाही हेच वाक्य जसंच्या तसं चालेल. आता त्याच मालकांना विचारा की, फोनवर कोणी चौकशी केली तर तुम्ही काय सांगता? उत्तर साधारण असं येईल: "पानं सुटली असतील तर हाताने शिवून देतो. कागद ठिसूळ झाला असेल तर आधी पुस्तक बघावं लागतं, सगळीच पुस्तकं पुन्हा शिवता येत नाहीत. जुनं कव्हर आम्ही टाकत नाही, जमलं तर तेच परत बसवतो." पहिल्या पानावर हेच हवं. काम काय होतं ते वाचणाऱ्याला कळलं, मर्यादा कळली आणि पुस्तक जपणाऱ्या हातात जाणार आहे, हेही कळलं.

म्हणून काम ठरलं की आठवडाभर एक गोष्ट करा. लोक फोनवर किंवा समोर येऊन जे प्रश्न विचारतात ते टिपून ठेवा आणि तुम्ही दिलेली उत्तरंही, बोललात त्याच शब्दांत. लिहायचा कंटाळा येत असेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करून पाठवा. क्रम, काटछाट, शुद्धलेखन आम्ही बघतो. चांगल्या वेबसाइटचा निम्मा ऐवज याच टिपणांतून निघतो, असा आमचा अनुभव आहे.

आमचा दिवस कसा जातो

सकाळची वेळ आम्ही आखणीसाठी राखून ठेवतो आणि तेव्हा फोन घेत नाही. तुमचा फोन उचलला गेला नाही तर दुपारी आम्हीच उलट फोन करतो. हा नियम तुमच्याच कामासाठी आहे: पानाची रचना डोक्यात जुळत असताना मधेच तुटली की पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते.

पहिली आखणी कागदावर, पेन्सिलीने, तळहाताहून लहान चौकटीत होते. एवढ्या चौकटीत रंग मावत नाही, फॉन्ट मावत नाही. आधी काय दिसावं आणि कशाला किती जागा द्यावी, एवढंच ठरवता येतं, आणि सुरुवातीला ठरवायचंही तेवढंच असतं. एका पानासाठी अशा कितीतरी चौकटी काढल्या जातात आणि बहुतेक बाद होतात. त्या तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, पण कोटेशनमधल्या तासांचा मोठा वाटा त्यांचाच असतो. जमलेली आखणीसुद्धा आम्ही त्याच दिवशी पाठवत नाही. एक रात्र मधे जाऊ देतो. काल ठसठशीत वाटलेला मथळा सकाळी ओरडल्यासारखा वाटू शकतो, आणि हे तुमच्याआधी आम्हाला दिसायला हवं.

दुपारी कोड, तपासणी आणि ग्राहकांशी बोलणं. उरलेल्या वेळात नजर चालू असते. जुन्या पुस्तकांची शीर्षकपानं, औषधाच्या वेष्टनावरच्या सूचना, वेळापत्रकं हे सगळं आम्ही जमवतो आणि निरखतो. वेळापत्रकात आकड्यांची गर्दी असते, तरी नीट मांडलेलं असेल तर आपली ओळ क्षणात सापडते. रंगांमुळे नव्हे, आकडे एकाखाली एक सरळ बसवलेले असतात आणि दर काही ओळींनंतर थोडी मोकळी जागा सोडलेली असते म्हणून. तुमचं दरपत्रक वेबसाइटवर मांडताना हेच निरीक्षण कामी येतं.

फोटो, चित्रं किंवा भाषांतर लागलं तर त्या-त्या कामातले फ्रीलान्सर आम्ही सोबत घेतो आणि त्यांचं मानधन कोटेशनमध्ये वेगळं दाखवतो. एका वेळी मोजकीच कामं हातात असतात. म्हणून "उद्यापासून सुरू करू" असं आम्ही सहसा म्हणत नाही. सुरुवातीची तारीख देतो आणि ती पाळतो.

मोबाइलवर आधी

एकेकाळी मोबाइलसाठी वेगळी, अर्धवट वेबसाइट करायची पद्धत होती. २०१० मध्ये ईथन मार्कॉट या डिझाइनरने एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेईल अशी रीत मांडली, आणि आज सगळे तिनेच काम करतात. आम्ही आखणीच मोबाइलपासून सुरू करतो. पडदा अरुंद असल्यामुळे बिनकामाचं काहीही तिथे टिकत नाही, आणि मोबाइलवर नेमकं झालेलं पान संगणकावर मोठं करणं सोपं जातं. उलट दिशेने जाताना कोंबाकोंबी होते.

तपासणी आम्ही साध्या, जुन्या मोबाइलवर करतो, उन्हात उभं राहून आणि एकाच अंगठ्याने. फिकट राखाडी अक्षरं स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर सुबक दिसतात, उन्हात ती नाहीशी होतात. सुलभ वेबसाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ हवा. तुमच्या लोगोचा रंग या कसोटीला उतरला नाही, तर तो बटणाच्या कडेला किंवा मोठ्या चित्रात वापरू, पण वाचायच्या मजकुराला देणार नाही. या एका बाबतीत आम्ही हट्ट धरतो. चाळिशी लागलेल्या किंवा मोतीबिंदू असलेल्या माणसाला तुमचा पत्ता वाचता आलाच पाहिजे.

वेगाचंही तसंच. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर गूगलच्या निकषात तो वेग चांगला मानला जातो. पान रेंगाळतं ते बहुतेक वेळा फोटोंमुळे. मोबाइलवर काढलेला फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि काही एमबी वजनाचा असतो. पानावर त्याच्या एक चतुर्थांश रुंदीचाही पुरतो. तो लहान करून वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फाइल-प्रकारात साठवला की वजन शे-दोनशे केबीवर येऊ शकतं आणि डोळ्याला फरक कळत नाही. मात्र हे काम आमच्यावर सोडा, आम्हाला मूळ फोटोच द्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आधीच आक्रसलेला असतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपोआप सरकणारे फोटो पहिल्या पानावर लावावेत असा आग्रह कधीकधी होतो. आमचा सल्ला नाही असाच असतो. वाचत असलेली ओळ डोळ्यांसमोरून निघून गेलेली कोणालाच आवडत नाही.

मराठी मजकुराची निगा

हा आमचा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

तुमच्याकडे जुनी माहितीपुस्तिका असेल तर तिचा मजकूर बहुधा छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. हा मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. वेबसाठी युनिकोडच हवं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि त्यात लिहिलेला मजकूरच सर्च इंजिनला सापडतो आणि अंधांसाठीच्या सॉफ्टवेअरला वाचून दाखवता येतो. जुना मजकूर आम्ही रूपांतरित करून देतो, पण नंतर डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे या मजकुराचं मुद्रितशोधन कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून असतं. ते वगळू नका.

इंग्रजी पानांसाठी केलेली तयार टेंपलेट मराठीला जशीच्या तशी चालत नाहीत. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की तो ऐटदार दिसतो. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. तिरकी अक्षरं आम्ही मराठीत वापरत नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये तशी वेगळी अक्षरं नसतातच, आणि मग ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. ते वाचायला त्रास होतो.

आणखी एक बारकावा. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलेलं नसेल तर ब्राउझर दुसरंच रूप दाखवतो. ही नोंद एका छोट्या शब्दाची आहे, आम्ही ती प्रत्येक पानावर करतो. नोटो सान्स देवनागरी किंवा खास मराठीसाठी केलेला टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यवसायासाठी वापरले तरी शुल्क पडत नाही. तुमच्या मजकुराला साजेल तो फॉन्ट आम्ही तुमचाच एक परिच्छेद लावून दाखवतो. जोडाक्षरांच्या वेगवेगळ्या आकारांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, म्हणून साधा आणि ठळक असे दोनच प्रकार घेतो.

डोमेन तुमच्याच नावावर

डोमेन म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता. त्याची नोंदणी तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलने झाली पाहिजे. आमच्या नावाने आम्ही ती करत नाही, ग्राहकाने सांगितलं तरी नाही. दुसऱ्याच्या नावावर असलेलं डोमेन परत मिळवणं किचकट असतं आणि तोवर ईमेलही अडकतात. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतं. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते. नूतनीकरणाची सूचना ईमेलवर येते, म्हणून नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याचा ईमेल तिथे देऊ नका. होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइटच्या फाइली जिथे ठेवल्या जातात त्या जागेचं, खातंही तुमचंच. आम्हाला फक्त कामापुरता प्रवेश द्या, आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

इंटरनेटवर सापडलेले फोटो आम्ही वापरत नाही. ते कोणाच्या तरी मालकीचे असतात. तुमच्या कामाचा साधा, खरा फोटो विकतच्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

बदल सुचवताना

कोटेशनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या धरलेल्या असतात. त्या पुरतात, पण दोन गोष्टी सांभाळल्या तरच. एक, घरातल्या किंवा संस्थेतल्या सगळ्यांची मतं एकाच व्यक्तीने गोळा करावीत, आपसांतले मतभेद मिटवावेत आणि मगच आम्हाला कळवावं. दुसरी गोष्ट, उपायाऐवजी अडचण सांगा. "लोगो मोठा करा" असं सांगितलंत तर आम्ही विचारू, का? कधी उत्तर येतं की, संस्थेचं नाव चटकन कळत नाही. मग लोगो आहे तेवढाच ठेवून नाव मथळ्यात आणलं की काम होतं. "उठाव येत नाहीये" हेही चालेल, फक्त पानावरच्या नेमक्या जागेवर बोट ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्यावर गोल केलात तर उत्तम.

मोबदला तीन भागांत असतो: सुरुवातीला, आखणी मंजूर झाल्यावर आणि वेबसाइट सुरू होण्याआधी. आखणी मंजूर झाल्यावर नवी पानं वाढली तर त्यांचं कोटेशन वेगळं देतो आणि तुमचा होकार लेखी आल्याशिवाय ते काम सुरू करत नाही.

वेबसाइट सुरू झाली की सगळ्या फाइली, फॉन्टचे परवाने, खात्यांची यादी आणि मजकूर स्वतः कसा बदलायचा याचं टिपण तुमच्या हवाली करतो. सुट्टीची सूचना किंवा बदललेला दर टाकायला आमची गरज पडू नये. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं आणि बॅकअप घेणं हे देखभालीच्या करारात येतं. हा करार घ्यायचा की नाही ते तुमच्यावर आहे, पण मग ही दोन कामं कोण करणार, त्याचं नाव ठरवून ठेवा.

पहिल्या भेटीला येताना लोगोची मूळ फाइल, जुनं छापील साहित्य, डोमेन आधीच घेतलेलं असल्यास त्याची माहिती आणि लोकांच्या प्रश्नांचं टिपण घेऊन या. टिपण अर्धवट असलं तरी चालेल, उरलेलं सोबत बसून पूर्ण करू. या भेटीचं शुल्क नाही.