ग्राँ काँग्लुए: एक नव्हे, दोन जहाजं

मार्सेलिसजवळच्या ग्राँ काँग्लुए बेटाच्या पायथ्याशी, समुद्रतळावर सापडलेले अँफोरा एकाच बुडालेल्या जहाजातले, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. अँफोरा म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे कुंभ. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो आणि पुरातत्त्वज्ञ फेर्नां बन्वा यांनी १९५२ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा सगळा माल एका गलबताचा मानला गेला.

पण कुंभच वेगळं सांगतात. काही ग्रीको-इटालिक घडणीचे, फुगीर पोटाचे, इसवी सनापूर्वी २०० च्या आसपासचे. बाकीचे ‘ड्रेसेल १’ या रोमन प्रकारचे: उंच, सडपातळ, जड; त्यांच्या काठावर सेस्टियस या रोमन घराण्याचा ठसा. हे जवळपास शंभर वर्षांनंतरचे. दारूचे कुंभ कोणी शतकभर साठवून एकत्र पाठवत नाही! १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ल्यूक लाँग यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि एकावर एक बुडालेली दोन जहाजं वेगळी केली.

भाजलेल्या मातीचं वय नेहमीच्या कार्बन चाचणीने निघत नाही. म्हणून काठ, कान, ठसा पाहायचा, आणि कुंभ हलवण्याआधी त्याची नेमकी जागा टिपायची. तिथे तीच नोंद अपुरी पडली होती.